पाच वातींचं इंजिन

डिचोलीच्या गुरुदास कासाराला समया उत्तम घडवता येत, याबद्दल सबंध तालुक्यात दुमत नव्हतं. तक्रार एवढीच होती, की हा माणूस समई वेळेवर देत नाही. लग्नासाठी सांगितलेली समई बारशाला हाती पडली अशी घरं बाजारात बोट दाखवून सांगता आली असती. पण त्याची समई एकदा दिवाणखान्यात उभी राहिली, तिच्यावरचा हंस मान वळवून बघू लागला, की माणसांचा राग आपोआप उतरायचा. त्यामुळे गुरुदासला सुधारायची कधी गरजच पडली नाही.

आता अशा माणसाच्या बायकोने देवीला समई आंगवावी, म्हणजे समईचा नवस बोलावा, आणि तीही नवऱ्याच्याच हातची, हे धाडसच म्हणायचं. विनोदिनीने ते केलं, कारण तेव्हा तिला दुसरं काही सुचत नव्हतं. कोकणी की मराठी यावरून गोव्यात तिठ्यातिठ्यावर घसे बसत होते, त्या थंडीत गुरुदासला कावीळ झाली. मोर्चाला बोलवायला दोन्ही बाजूंचे लोक घरी आले आणि त्याचा चेहरा बघून, तू आपला पडून राहा, असं दोन्ही भाषांत सांगून गेले. डोळे हळदीसारखे झालेले, पोटात पेजेचं पाणी ठरत नव्हतं. औषधं चालू होती, झाडपाला चालू होता, आणि माणूस दिवसेंदिवस चादरीखाली सपाट होत चालला होता.

विनोदिनी मूळची हरमलची, पेडणे तालुक्यातली. घाबरली तरी रडत बसणाऱ्यातली नाही. ती वाड्यावरच्या, म्हणजे वस्तीतल्या, सातेरीदेवीच्या देवळात गेली, पदर खांद्यावरून घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आई, ह्यांका उठव. माझ्या म्हायारच्या पितळेची, ह्यांच्याच हातची, पाच वातींची समई तुका दितंय." माहेरचं पितळ म्हणजे तिची आई पार्वती गेल्यावर तिच्या वाट्याला आलेली भांडी. एक मोठं ताट, कळशी, तांब्या आणि घंगाळ. ती तिने पोत्यात बांधून गुरुदासच्या कामाच्या खोलीत, फळीखाली ठेवली.

देवीने आपलं काम केलं. गुरुदास उठला. राहिलं होतं ते गुरुदासचं काम.

इथे एक गोष्ट विनोदिनीच्या पदरात टाकली पाहिजे. पुढे जे रामायण झालं, त्याचं मूळ तिनेच घरात आणलं. पथ्याच्या दिवसांत नवरा खाटेवर पडल्या पडल्या छपराची कौलं मोजायचा आणि कुठलं कौल सरकलंय ते तिला दर तासाला सांगायचा. तो जीव कुठे तरी रमावा म्हणून तिने हरमलहून आपल्या भावाकडून, विजयकडून, इंग्रजी मासिकांचा एक गठ्ठा आणला. विजय घरातल्या खोल्या पर्यटकांना भाड्याने देत असे, आणि एक म्हातारा इंग्रज जाताना तो गठ्ठा तिथेच टाकून गेला होता. बाकीचे पाहुणे काय काय टाकून जात ते बघता विजयला हा माणूस फार सोज्वळ वाटला होता.

मासिकांत इंजिनं होती. खेळण्यातली नव्हेत, वाफेवर खरोखर चालणारी, पण मांडीवर मावतील एवढी. कोट घातलेले पोक्त साहेब आपल्या बागेत उकिडवे बसून ती चालवत होते. गुरुदासची शाळा मराठी चौथीपर्यंत आणि वर पोर्तुगीज पहिली, त्यामुळे मजकुराशी त्याचा काही संबंध नव्हता. पण चित्रांतलं पितळ त्याला लांबून ओळखू आलं.

तसं खरं इंजिन त्याने जन्मात एकदाच बघितलं होतं. डिचोलीत रेल्वे नाही. तिथे खनिजाचे ट्रक, त्यांची तांबडी धूळ आणि त्या धुळीवरची भांडणं. पण तरुणपणी एक समई पोचवायला तो फेरीबोटीने नदी ओलांडून, पुढे बसने कुळ्याला गेला होता, आणि स्टेशनावर घाट चढायच्या तयारीत असलेलं काळंभोर इंजिन फुसफुसत उभं होतं. गुरुदास ते बघत राहिला. समई बाकड्यावर विसरून घरी आला आणि दुसऱ्या दिवशी परत गेला. समई सांगितलेल्यांना वाटलं, ती शोधायला आला. तो इंजिन बघायला गेला होता.

पथ्य सुटलं आणि गुरुदास कामाच्या खोलीत जाऊन बसला, तेव्हा विनोदिनीला बरं वाटलं. समई सुरू झाली असं तिला वाटलं.

त्याने आधी पोत्यातली फक्त घंगाळाची एक कडी काढली. एका कडीने देवीला काय फरक पडतो, असा त्याचा हिशेब. त्या कडीचा एक छोटा दांडा झाला आणि तो इतका देखणा झाला, की त्याला साजेसं चाक हवं असं वाटू लागलं. चाकासाठी घंगाळ वितळलं. समईसाठी परत पितळ घालू, असं तो स्वतःला रोज सांगायचा, आणि स्वतःवर त्याचा विश्वास डिचोलीतल्या गिऱ्हाइकांपेक्षा जरा जास्तच होता. माहेरचं पितळ बाजारात मिळत नाही, ही गोष्ट त्याच्या लक्षात आली नव्हती असं नाही. ती त्याने लक्षात येऊ दिली नव्हती.

मदतीला धोंडिबा होता. हा गडहिंग्लजकडचा, खाणीच्या वर्कशॉपमध्ये टर्नर. गावी पाठवायला म्हणून त्याने गुरुदासकडे एक समई सांगितली होती आणि ती झाली का हे विचारायला तो दर रविवारी येत असे. किती वर्षं येत होता ते दोघांनाही आठवत नव्हतं. आता समई विचारून झाली की तो बसायचा, पाव चहात बुडवून खायचा, मासिकातल्या चित्रावर बोट ठेवायचा आणि म्हणायचा, "ह्ये नळकांडं माझ्याकडं द्या. लेथवर फिरवून आणतो." नळकांडं म्हणजे सिलिंडर. त्याच्या आत दट्ट्या पुढेमागे होतो आणि चाकं फिरवतो, एवढं शास्त्र दोघांनी चित्रांवरून बरोबर काढलं होतं.

चुकलं ते वेगळ्याच ठिकाणी. गुरुदासचा हात समईचा. त्याने मेणाचे साचे करून चाकं ओतली, तर प्रत्येक चाकाला आरे न होता कमळाच्या पाकळ्या झाल्या. धुराडं केलं, तर त्याला समईच्या खांबाला असतात तशा कड्या पडल्या. इंजिनाच्या पाठीवरचा घुमट ओकाबोका दिसतो म्हणून त्यावर त्याने हंस बसवला. हंस चांगला मूठभर पितळेचा, भरीव.

धोंडिबाने सगळीकडून फिरून बघितलं. "गुरुदासराव, ह्ये इंजिन हाय का देव्हारा?"

"कित्याक? बरें दिसना?"

"दिसतंय झ्याक. पर ह्येला वडून न्यायला दुसरं इंजिन लागंल."

बसल्या बोक्याएवढं ते इंजिन खरोखरच उचलताना माणूस वाकायचा. त्यात बॉयलर अशक्त. बॉयलर तांब्याचा हवा, आणि तांब्याची एकच योग्य वस्तू घरात होती. विनोदिनीचं भाण, म्हणजे तिचं न्हाणीतलं पाणी तापवायचं मोठं तांब्याचं भांडं. ते तिला लग्नात मिळालेलं. गुरुदास न्हायला गेला की त्या भाणावर हात फिरवत बसायचा, बोटाच्या पेराने टिचकी मारून आवाज ऐकायचा. बाहेरून विनोदिनी ओरडायची, "न्हातात की भाण मोजतात?" एकदा तो पट्टी घेऊन न्हाणीत शिरताना तिला दिसला. तेव्हापासून रिकामं भाण ती उचलून स्वयंपाकघरात, स्वतःच्या डोळ्यांसमोर ठेवू लागली. शेवटी बॉयलर कळशीचा झाला, पितळेचा, कथलाचा डाग देऊन जोडलेला. कळशीत पाणी छान राहायचं. वाफ राहायची नाही.

खाली पाच वातींची चूल बसवली, तिच्यात दवाखान्यातून आणलेलं स्पिरिट घातलं आणि शिट्टीला सायकलच्या भोंग्याची नळी लावली. पहिल्यांदा वाफ धरली तेव्हा इंजिन जागचं हललं नाही, पण शिट्टी मात्र वाजली. पोंऽऽ. आळीतल्या तीन बायका पिशव्या घेऊन दारात आल्या, कारण तसाच भोंगा वाजवत पोदेर पाव घेऊन यायचा. संध्याकाळपर्यंत त्या गुरुदासच्या दारावरून जाताना काहीतरी पुटपुटत होत्या.

गोव्याचं घटकराज्य झालं, त्याचे फटाके वाजून गेले, विनोदिनी विचारत राहिली आणि गुरुदास 'चवथ जाली की', म्हणजे गणपती झाले की, असं म्हणत राहिला. दोन चवथी अशा गेल्या. आणि एका रविवारी, धोंडिबाने वाफ निसटू नये म्हणून दट्ट्याला नवीन दोरा गुंडाळल्यावर, ते इंजिन मेजावरच्या रुळांवर हातभर चाललं. हातभरच, पण आपल्या पायांनी. नेमकी त्याच वेळी विनोदिनी चहा घेऊन आत आली.

"चललां गे बाय!" ती म्हणाली. तिला मनापासून आनंद झाला. चहा ठेवून ती वाकून बघू लागली, आणि वाकलेलीच राहिली. इंजिनाच्या केबिनवर, ड्रायव्हर उभा राहतो त्या जागी, भांड्यांवर घालतात तशी बारीक ठिपक्या-ठिपक्यांची कोरलेली अक्षरं होती. सौ. पार्वती.

"ह्यां काय?"

"इंजिनाक नांव आसता," गुरुदास म्हणाला. "व्हडल्या इंजिनांकय आसता."

"माझ्या आवशीचां नांव तुमी गाडयेक घातलां?"

"मान दिलो."

"ताट खंय आसा?"

गुरुदासने केबिनकडे बघितलं.

"कळशी?"

त्याने बॉयलरकडे बघितलं.

"आणि घंगाळ?"

त्याने चाकांकडे बघितलं. तांब्या कुठे, हे तिने विचारलंच नाही. धुराड्यात तो तिने स्वतःच ओळखला. धोंडिबा जनेलातून बाहेर बघू लागला, जणू रस्त्यावर फार महत्त्वाचं काही चाललंय. विनोदिनी ओरडली असती तर दोघांनाही बरं वाटलं असतं. ती हळूच म्हणाली, "तुमचो जीव मी ह्या पितळेर मागून घेतललो." आणि गेली.

रोज तिन्हीसांजेला दिवा लावला की ती गुरुदाससमोर येऊन त्याच्या डोळ्याची खालची पापणी बोटाने ओढून बघायची. काविळीनंतरची ती सवय. गुरुदासला ते आवडायचं. तो बायकोचा लाड समजून डोळे मोठे करून बसायचा. त्या संध्याकाळी तिने दिवा उचलून जवळ आणला आणि दोन्ही डोळे पुन्हा पुन्हा बघितले. इतके दिवस ती पिवळं दिसतंय का ते बघत होती, नवस फिटला नाही म्हणून देवी आपलं दिलेलं परत नेते की काय ते बघत होती, हे त्याला तेव्हा कळलं. त्याला स्वतःची अतिशय लाज वाटली. तरीसुद्धा, उद्या ते इंजिन मोडावं लागणार म्हणून रात्री उठून तो त्याची चाकं एकदा पुसून आला. माणूस लाजेने सुधारतोच असं नाही.

मोडायचं तरी कसं? देवीसाठी ठेवलेल्या पितळेचं रूप एकदा बदललं, आता देवीला विचारल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही, असं देवळाच्या गोकुळदास गुरवाने सांगितलं. म्हणजे प्रसाद घ्यायचा. आपल्याकडे मूर्तीवर पाण्याने फुलाच्या पाकळ्या चिकटवतात आणि प्रश्न विचारतात. उजवी पाकळी पडली तर होय, डावी पडली तर नको. प्रश्न असा घालावा लागतो की देवीला होय किंवा नको एवढंच म्हणता यावं, आणि गोकुळदासाला थोडक्यात प्रश्न घालणं जन्मात जमलं नव्हतं.

इंजिन पाटावर ठेवून देवीसमोर नेलं. गोकुळदासने गाराणं, म्हणजे देवीपुढचं सांगणं, सुरू केलं ते गुरुदासच्या पणजोबापासून. कावीळ आली, आंगवण आली, मासिकंसुद्धा आली. शेवटी एकदाचा तो मुद्द्यावर आला. "आई, तुज्या समयेच्या पितळेचें ह्या गुरुदासान इंजिन केलें. चूक जाली. आतां तें मोडून तुजी समय करची?"

गुरुदास हात जोडून उभा होता आणि मनात डावी, डावी म्हणत होता. विनोदिनी शेजारी होती, म्हणून ओठ हलणार नाहीत याची काळजी घेत होता. डावी पडली.

"म्हणजे मोडूंक जायना," गोकुळदास म्हणाला. "बरें. मागीर दुसऱ्या पितळेची नवी समय दिवची?"

पुन्हा डावी. गोकुळदासकडचे प्रश्न संपले. त्याने डोकं खाजवलं. पुन्हा पणजोबापासून सुरुवात करावी का, असा विचार त्याच्या चेहऱ्यावर दिसू लागला, तेवढ्यात खांबाला टेकून बसलेली म्हातारी रुक्मिणी म्हणाली, "तिका तेंच जाय काय, विचार मरे."

"इंजिन?"

"विचार तर."

तुला हे इंजिनच हवं का, असं गोकुळदासने नाखुशीने विचारलं. वाक्य पुरं व्हायच्या आत उजवी पाकळी पाण्यासकट सुटली आणि इंजिनाच्या पाटासमोर येऊन पडली. मग रुक्मिणी पुढे सरकली, वाकून इंजिनाच्या पोटाखाली बघत म्हणाली, "पाच वाती आसात?"

"पाचच," धोंडिबा म्हणाला. "भोकं म्याच पाडल्यात."

"म्हायारचें पितळ, घोवाच्या हातची, पाच वातींची," रुक्मिणी बोटांवर मोजत म्हणाली. "वयर हंस आसा. समयच ती. चलता, इतलेंच."

देवीलाही तसंच वाटत असावं, कारण पुढची पाकळीही उजवीच पडली. ठरलं ते असं. दिवजांच्या जत्रेच्या संध्याकाळी, सवाशिणी पाच वातींची दिवजं, म्हणजे मातीचे दिवे, हातात घेऊन देवळाभोवती निघतात त्याच्या आधी, इंजिनाने पेटून, आपल्या पायांनी, तुळशीला एक प्रदक्षिणा घालायची. मग आंगवण फिटली. इंजिन देवीचं.

बाहेर पायऱ्यांवर धोंडिबाने टोपी घातली. "आमच्याकडं देव नारळ मागत्यात, कोंबडं मागत्यात. इंजिन मागितल्यालं पयल्यांदाच बगतोय."

गुरुदासला हसू आलं नाही. जे इंजिन हातभर चालून मान टाकतं, त्याने प्रदक्षिणा पुरी केली नाही तर विनोदिनी जन्मभर त्याची पापणी ओढत राहणार होती. आणि पुरी केली, तर इंजिन जाणार होतं. दोन्हीकडून मार त्यालाच होता.

त्यात गोकुळदासने आणखी एक पाचर मारली. देवीसमोर स्पिरिट नको, रॉकेल नको. खोबरेल तेल चालेल. गुरुदासने खोबरेल घालून बघितलं. तासाभराने सगळी खोली काळी झाली आणि बॉयलरमधलं पाणी तान्ह्या मुलाला न्हाऊ घालण्याइतपत कोमट झालं. वजन कमी करावं म्हणून हंस काढायचं ठरलं. पण आता इंजिन देवीचं, म्हणून हंसाचा प्रसाद घ्यावा लागला. डावी पडली. हंस राहिला. धोंडिबाचं म्हणणं पडलं, की देवीला इंजिनांतलं फारसं कळत नाही, पण हे तो देवळापासून बऱ्याच अंतरावर बोलला.

विनोदिनी या सगळ्या दिवसांत नवऱ्याशी कामापुरतंच बोलत होती. जत्रा जवळ आली तशी ती पायरीवर बसून मांडीवर वाती वळत होती. आत गुरुदास आणि धोंडिबा काळीठिक्कर तोंडं घेऊन बसलेले. तिने मागे वळून न बघता विचारलं, "कापूर चलता?"

"खंय?"

"वातीत. कापूर देवीकच लावतत. त्याका गोकुळदास काय म्हणतलो?"

गोकुळदासने देवळातल्या कापराचा पुडा स्वतःच काढून दिला. विनोदिनीने कापूर कुटला, कापसात घालून बोटभर जाड वाती वळल्या आणि खोबरेलात भिजवल्या. पेटवल्यावर घरात भर दुपारी आरतीचा वास सुटला, आणि थोड्या वेळाने कळशीचा बॉयलर रागावल्यासारखा घुमू लागला. इंजिन हातभराच्या पुढे, मेजाच्या टोकापर्यंत गेलं. धोंडिबाने ते पडता पडता धरलं आणि बोटं भाजून घेतली. "वैनी," तो बोटं तोंडात घालून म्हणाला, "तुमी आमच्या वर्कशॉपला या."

गुरुदासला त्या आनंदात धीर आला. "भाण आसल्यार बॉयलर..."

"भाण नाय," विनोदिनी म्हणाली.

जत्रेच्या संध्याकाळी तुळशीभोवती धोंडिबाने लोखंडी पट्ट्यांचे रूळ गोल वाकवून मांडले होते. सगळा वाडा जमला होता. सवाशिणी दिवजं घेऊन रांगेत उभ्या, त्यांत विनोदिनी. गोकुळदासने फक्त आजोबापासून सुरुवात केली, ही त्याची मोठी मेहेरबानी. गुरुदास धूतवस्त्र नेसून, उघड्या अंगाने, पाणी भरून, वाती पेटवून उकिडवा बसला. आपण मासिकातल्या साहेबांसारखे बसलो आहोत हे त्याच्या लक्षात आलं. कोट तेवढा नव्हता.

शिट्टी वाजली. दोन पोरांनी पोदेर, पोदेर असा गलका केला. कमळाची चाकं फिरली आणि हंस डोलायला लागला. इंजिन निघालं. हातभर गेलं, दोन हात गेलं, तुळशीच्या मागे दिसेनासं झालं आणि दुसऱ्या बाजूने बाहेर आलं तेव्हा लोकांनी अशी आरोळी ठोकली की गोकुळदासच्या हातातली घंटा पडली. गुरुदास रडत होता आणि ते त्याला माहीत नव्हतं.

पाव फेरा उरला असेल. तेवढ्यात कळशीच्या जोडावरचं कथील सुटलं. केबिनजवळून, नेमकी पार्वतीच्या नावापाशी, फुस्स करून वाफ बाहेर येऊ लागली. इंजिन मंद झालं, अडखळलं आणि उभं राहिलं.

गुरुदास जागचा उठला नाही. एक क्षण, अगदी एकच क्षण, त्याच्या मनात आलं की नाही पोचलं तर नाही जाणार. मग त्याने वर बघितलं. सगळं देऊळ इंजिनाकडे बघत होतं आणि रांगेत विनोदिनी एकटी त्याच्या डोळ्यांकडे बघत होती. दिवजाच्या उजेडात तिचा चेहरा पांढरा पडला होता. चल गे आई, गुरुदास इंजिनाला म्हणाला. ती आई कोणती, देवी की सासू, हे त्याला नंतर कधी सांगता आलं नाही. चल, तिच्यासाठी चल.

विनोदिनी रांगेतून बाहेर आली. इंजिनापाशी उकिडवी बसली आणि हातातलं दिवज तिने बॉयलरच्या मागच्या अंगाला धरलं. तिच्याही वाती कापराच्याच होत्या. गोकुळदासने तोंड उघडलं, तेव्हा रुक्मिणी म्हणाली, "तूं घांट उखल आदीं." तो घंटा उचलायला वाकला. पाच वाती खालून आणि पाच मागून. इंजिनाने एकदा खोकल्यासारखं केलं. मग चाक फिरलं. विनोदिनी उकिडव्यानेच, दिवज धरून, त्याच्याबरोबर पावला-पावलाने सरकू लागली. फुस्स, थांब, फुस्स, थांब, असं करत, हंसासकट, माहेरच्या सगळ्या भांड्यांसकट, ते इंजिन निघाल्या जागी येऊन टेकलं.

विनोदिनीने दिवज खाली ठेवलं, तिथेच सगळ्यांसमोर नवऱ्याची पापणी ओढून बघितली आणि हसली. त्यानंतर तिने कधी ती पापणी ओढली नाही.

इंजिन देवळाच्या कपाटात, चांदीच्या प्रभावळीशेजारी गेलं. वर्षातून एकदा बाहेर काढायचं. एरवी गुरुदासला त्याला तेल द्यायचं असेल तर आंघोळ करून, उपाशी पोटी, प्रसाद घेऊन. त्याने दोनदा विचारलं. दोन्ही वेळा डावी पडली.

आणि मग डिचोलीत एक विचित्र प्रकार सुरू झाला. समया वेळेवर मिळू लागल्या. पंधरवड्याने हवी म्हणून सांगितलेली समई दहाव्या दिवशी दारात हजर. लोक आधी खूश झाले, मग एकमेकांना विचारू लागले. एका रविवारी धोंडिबा नेहमीप्रमाणे विचारायला आला, तर गुरुदासने कागदात गुंडाळलेली समई त्याच्या हातात ठेवली. धोंडिबाचा चेहराच उतरला. तो तसाच स्वयंपाकघराच्या दारात गेला. "वैनी, ह्येंच्या तब्येतीकडं बगा. मला समई दिली." पुढच्या रविवारी तो ती समई परत घेऊन आला आणि हंसाची मान वाकडी आहे म्हणून भांडत बसला. मान वाकडी नव्हती. त्यालाही रविवारी जायला जागा हवी होती.

विनोदिनीने बघितलं. नवऱ्याचे डोळे पांढरेशुभ्र होते, पापणी न ओढताही दिसत होतं. फक्त त्यांत काही नव्हतं. तो काम संपवून मेजासमोर बसायचा, रुळांच्या जागेवर बोट फिरवायचा आणि जेवायला हाक मारली की लगेच यायचा. पूर्वी चार हाका माराव्या लागत. तिला त्या चार हाकांची आठवण आली.

चवथीच्या आधी एका सकाळी गुरुदास कामाच्या खोलीत शिरला तर मेजावर भाण होतं. चिंचेने घासून लखलखीत केलेलं, रिकामं. विनोदिनी दारात उभी होती, हात अजून चिंचेचे.

"ह्यां कोणाक आंगवलेलां नाय," ती म्हणाली.

गुरुदास भाणाकडे बघत राहिला. त्याला हात लावायचा धीर होईना. "मागीर न्हाणाचें उदक?"

"डब्यात तापयतंय. तुमका काय राजाचां न्हाण होया?"

त्याने बोटाच्या पेराने टिचकी मारली. तांबं वाजलं. मग त्याने भाण हळूच फिरवलं. काठाखाली लग्नातली अक्षरं होती. विनोदिनी. कासाराच्या हाताला सवय असते. जुनं भांडं पुढ्यात आलं की आधी नाव काढायचं. त्याचा हात आपोआप कानशीकडे गेला.

"नांव पुसूं नकात," ती म्हणाली आणि चुलीकडे वळली.

त्या चवथीला डिचोलीत एकालाही समई वेळेवर मिळाली नाही.